आत्याच्या वारुळातला हिरा

लग्नकार्यात मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तुम्ही म्हणे हिरे शोधायच्या नोकरीत होता, मग कानात हे काय घातलंय?" विचारणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या कानात बहुधा दुरूनही डोळे दिपवणाऱ्या कुड्या असतात. मी सांगते, मोती आहेत, आणि तेही खोटे. मग त्यांची समजूत पटावी म्हणून मी आणखी सांगू लागते, की आम्ही हिरा शोधत नव्हतो, हिरा ज्या दगडात बसून जमिनीवर येतो तो दगड शोधत होतो. त्याचं नाव किंबरलाइट. आणि तो सापडला तरी बहुतेक वेळा त्यात हिरा नसतोच. माझं एवढं बोलून होईपर्यंत बाई पंगतीकडे निघालेल्या असतात. माझा मुलगा म्हणतो, आईनं जन्मभर रिकाम्या एसट्या अडवल्या. त्याला वाटतं हा विनोद त्याचा आहे. तो त्याच्या आजोबांचा आहे, आणि शहागडच्या हॉटेलातल्या भट्टीपाशी जन्मलेला आहे.

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे हमरस्त्याला लागून त्यांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार लाकडी खांब, वर पत्रे, समोर ड्रायव्हर लोकांना आडवं व्हायला सुतळीच्या बाजा आणि मागं पोत्याचा पडदा. पडद्याच्या अलीकडे हॉटेल आणि पलीकडे आमचं घर. आई पलीकडून भाकरी थापायची आणि दादा अलीकडून त्या वाढायचे, त्यामुळं लहानपणी माझी अशी समजूत होती की सगळ्यांच्याच घरी जेवायला ट्रक येतात. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा, आणि गिऱ्हाईक मोठं असलं तर शेवेची भाजी, जिच्यावर लाल तर्री अशी तरंगायची की ड्रायव्हरच्या कपाळावर पहिल्या घासाला घाम. पहाटे आधी मेंढरं ओरडायची, मग ट्रकचे हॉर्न, मग दादांचा आवाज. दादा फार बोलायचे. ड्रायव्हर लोक नागपूर, हैदराबाद, सोलापूर कुठून कुठून बातम्या आणायचे आणि दादा त्या पुढच्या ट्रकला वाढायचे. वाढताना थोडी आपली फोडणी घालायचे. नागपूरहून निघालेली साधी सर्दी शहागड ओलांडून बीडकडं जाताना टायफॉइड झालेली असे.

मेंढरं आत्याची. आम्ही मूळचे मेंढरांमागं फिरणारे. आजोबांनी शेत घेतलं, दादांनी हॉटेल काढलं, आणि मेंढरांचा वारसा तेवढा दादांच्या थोरल्या बहिणीकडं राहिला. आत्या लग्न होऊन सासरी गेली होती आणि वर्ष सरायच्या आत परत आली होती. का आली, हे घरात कोणी कोणाला विचारत नसे. आत्याही सांगत नसे. तिनं आल्या आल्या वाड्यात, म्हणजे मेंढरांच्या काटेरी कुंपणात, शिरून हातात काठी घेतली ती घेतलीच. बोलायची कमी, पण घरातलं काय खरं आणि काय खोटं हे तीच ठरवायची. दादा गावाला शब्द ऐकवायचे, पण पोरीचं लग्न, बैल विकणं, देवाचं काही असलं की पोत्याचा पडदा सारून आत येऊन विचारायचे, "अक्का, काय करावं?" आमच्या शेताच्या कडेला, मुरमाड माळ जिथं सुरू होतो तिथं, माणसाच्या छातीएवढं वारूळ होतं. ते आत्याचं. म्हणजे वाळव्यांचं, त्यात राहणाऱ्या नागाचं, पण राखणदारीण आत्या. पंचमीला अख्ख्या वस्तीच्या बायका तिथं पूजेला यायच्या आणि आत्याच्या परवानगीशिवाय कोणी तिथं लाही टाकत नसे. नाग हा बाईचा भाऊ, असं आमच्याकडं मानतात. आत्या ते निव्वळ मानत नव्हती. वारुळाजवळून जाताना ती डोक्यावरचा पदर सारखा करायची, जसा भावकीतल्या कोणा पुरुषासमोर करावा तसा.

अशा घरातून मी कॉलेजात गेले आणि भूशास्त्र घेऊन बसले. हा काही ओढीचा प्रकार नव्हता. मला घ्यायचं होतं ते भरलेलं होतं आणि खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "दगडाचं चालंल का?" मी चालेल म्हणाले. घरी सांगितलं तेव्हा दादांनी गिऱ्हाइकासमोरच कपाळाला हात लावला. "आमचा बाप दगड येचून येचून मेला, तवा कुठं शेत झालं. अन् ही खर्चा करून दगड शिकून राह्यली!" त्या दिवसापासून मी दगडूबाई झाले. सुट्टीला आले की दादा ड्रायव्हरांना ओळख करून द्यायचे, "ही आमची दगडूबाई. तुमच्या टायरात अडकलेला खडा दाखवा, त्याचं कूळ सांगती." आणि ड्रायव्हर खरोखर टायरातून खडे काढून आणायचे. मी सांगायचे, हा बेसाल्ट, हाही बेसाल्ट. आमच्याकडं दुसरं आहेच काय? जिकडं पाहावं तिकडं तो काळा कातळ, थरावर थर. दादांना दर वेळी वाटायचं की पोरगी एकच उत्तर पाठ करून आली आहे.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक सर आले. बारीक चणीचे, शर्टाच्या खिशात कायम भिंग. त्यांनी पहिल्यांदा किंबरलाइटचं नाव घेतलं तेव्हा वर्गातली निम्मी पोरं झोपली होती, मी जागी होते याचं श्रेय मागच्या बाकावरून येणाऱ्या घोरण्याला आहे. पण त्यांनी जे सांगितलं त्यानं मी जी जागी झाले ती अजून तशीच आहे म्हणा ना. सुट्टीत घरी आले आणि भट्टीपाशी बसून दादांना सांगू लागले. पिठलं रटरटत होतं. "हे पाहा दादा," मी म्हणाले, "आपला काळा दगड हा असा उतू जाऊन पसरलेला. भेगांतून आला, सपाट पसरला, थंड झाला, वर दुसरा थर. पण हिरा एवढ्या वर होत नसतो. तो फार फार खाली, जिथं दाब इतका की आपली कल्पना पोचत नाही, तिथं कधीकाळी तयार होऊन पडलेला असतो. मग एखाद्या ठिकाणी खालून दगडाचा रस उसळतो, वायूनं भरलेला, आणि हे पिठलं जसं मधूनच फटकन उडतं तसा जमीन फोडून वर येतो. येताना वाटेतलं जे सापडेल ते घेऊन येतो. वर आल्यावर थिजतो. तो किंबरलाइट."

दादांनी पळी थांबवली. "म्हंजी हिरा त्या दगडात तयार होत न्हाई?"

"नाही. तो नुसता बसून येतो."

"म्हंजी एसटी झाली की. हिरा पॅसेंजर."

"बरोबर. आणि खूपदा गाडी रिकामीच येते."

"आपल्या डेपोसारखं," दादा म्हणाले, आणि पुढच्या ट्रकपासून किंबरलाइटची एसटी सगळ्या ड्रायव्हरांना माहीत झाली. मी पुढं कितीतरी जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचली. त्यात हीच गोष्ट सांगायला पानंच्या पानं घालवली होती आणि पिठल्याचा कुठं उल्लेख नव्हता.

त्याच पावसाळ्यात सरांनी सांगितलं की दसऱ्यानंतर ते काही मुलांना तेलुगू मुलखात हिऱ्याच्या दगडाच्या शोधावर नेणार आहेत. महिनाभर तंबूत राहायचं, नाल्यानाल्यांतली वाळू धुवायची. कोणाला न्यायचं ते परीक्षेवर नाही, हाताच्या कामावर ठरणार. प्रत्येकानं आपल्या गावची माती आणायची, ती पाण्यात धुऊन जड कण वेगळे करायचे आणि काय आहे, काय नाही, ते लिहून आणायचं. वर त्यांनी एक गंमत सांगितली. दूरच्या एका वाळवंटात किंबरलाइट वाळूखाली खोल गाडला गेला होता, वरून काही दिसत नव्हतं. पण वाळव्या पाण्याच्या शोधात खोल जातात आणि तिथली माती वर आणून वारूळ बांधतात. त्या मातीत द्राक्षाच्या रसासारखे लाल कण सापडले. ते गार्नेटचे, हिऱ्यासोबत खालून वर येणारे. म्हणजे हिऱ्याचा पत्ता वाळव्यांनी दिला. हे ऐकताना माझ्या डोळ्यासमोर आत्याचं वारूळ उभं राहिलं. आमच्या भागात किंबरलाइट असण्याची शक्यता नाही हे सरांनी सांगितलं होतं आणि मलाही कळत होतं. पण माती धुवायचीच आहे तर वारुळाची का नको?

मला त्या शिबिराला जायचं होतं. इतकं जायचं होतं की हॉस्टेलमध्ये मी रिकाम्या ताटात पाणी घेऊन हलवत बसायचे आणि मुली म्हणायच्या हिला काहीतरी झालंय. दादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पाहू." आमच्या घरात पाहू म्हणजे नाही. त्यांच्या पद्धतीनं ते समजावूनही सांगत होते. पोरांसंगं तंबू, मुलूख परका, भाषा परकी, पाहुण्यारावळ्यांत कोणी विचारलं तर काय सांगायचं, पोरगी कुठं गेली? हिरे धुवायला? शेवटी म्हणाले, "अक्काला विचार. ती हो म्हणली तर मंग बोलू." आणि आत्या असल्या गोष्टीला हो म्हणणार नाही, याची त्यांना शंभर टक्के खात्री होती.

पंचमीच्या आधल्या दिवशी, भावाचा उपवास धरून आत्या ज्वारीच्या लाह्या पाखडत होती, तेव्हा मी तिच्याजवळ गेले. शिबिराचं काढायचं धाडस झालं नाही. आधी माती मागितली.

"वारुळाची? कामून?"

मी वाळव्यांची गोष्ट सांगितली. ती लाह्या पाखडत ऐकत राहिली. मग म्हणाली, "खुरपं लावायचं न्हाई. कुदळीचं तर नावच काढू नको. श्रावणात त्याच्या घराला हात लावत न्हाईत."

"मग?"

"मंग मागायचं. बहीण भावाला मागती तसं."

आणि तिनं मला नेलं. आधी हळदकुंकू वाहिलं, मूठभर लाह्या ठेवल्या, मग पावसानं वारुळाच्या पायथ्याशी जी माती आपसूक गळून पडली होती ती आम्ही दोघींनी हातांनी पाटीत भरली. मी बोट घालून जरा आतली ओढू लागले तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. नमुना कसा घ्यावा यावर पुढं मी स्वतः मुलांना शिकवलं. हळदकुंकवाचा भाग वगळला, चापटीचा वगळला नाही.

माती पाटीत भरून हॉटेलात आणली, आणि इथं सगळा घोटाळा झाला. दादांनी विचारलं हे काय. मी म्हणाले, वारुळाची माती आहे, तपासायची आहे, हिऱ्याची खूण असते का पाहायचंय. बाजेवर एक ड्रायव्हर चहा पीत होता. दादांना गप्प राहवलं असतं तर ते दादा कसले? त्यांनी त्याला वाळव्यांपासून एसटीपर्यंत सगळं सांगितलं. तो अंबडकडं गेला. त्याच्यामागून आलेल्याला दादांनी पुन्हा सांगितलं. संध्याकाळी परत येणाऱ्या गाड्यांतून तीच गोष्ट आमच्याकडं आली तेव्हा दादांनाही ती ओळखू आली नाही. शहागडला वारुळात नागमणी आहे, कॉलेजात शिकलेल्या एका पोरीनं यंत्रानं तो पाहिलाय आणि सरकारची माणसं निघाली आहेत! मला हसू आलं, पण लोकांच्या दृष्टीनं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. वारूळ आहे म्हणजे नाग आहे. जुना नाग आहे म्हणजे मणी आहे. त्याच वारुळाची माती शिकलेली पोरगी पाटीनं नेते, तर उगाच नेते होय? हिरा, नाग आणि विज्ञान असे तिघेही एका जागी जमल्यावर कोण घरी बसेल?

पंचमीला सकाळपासून माणसं येऊ लागली. आमच्याकडं पंचमीला तवा चढत नाही, चिरणं कापणं नाही, जमीन उकरायची तर बातच नाही. आईनं पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती आणि बायका नव्या हिरव्या-लाल बांगड्या भरून, झोके बांधून तयार होत्या. आणि हॉटेलसमोर सायकली, बैलगाड्या, दोन ट्रॅक्टर. दादा आधी खुशीत होते. चहाचं आधण उतरत नव्हतं. मग अंकुशनगरच्या बाजूनं ऊसतोडीचा एक मुकादम आला. गाळप बंद, हाताखालची माणसं रिकामी, ती सगळी त्यानं ट्रॅक्टरमध्ये घालून आणली होती, आणि त्यांच्या खांद्यावर कुदळी होत्या. कुदळी पाहिल्यावर दादांचा चेहरा उतरला. त्यांनी खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि मला म्हणाले, "सुमन, आता हे तूच निस्तर." जसं काही सगळ्या हमरस्त्याला मीच सांगत सुटले होते.

आम्ही माळावर पोचलो तेव्हा आत्या वारुळाला पाठ लावून मांडी घालून बसली होती. काठी मांडीवर आडवी. बायका पूजेची ताटं घेऊन बाजूला उभ्या.

"आत्याबाई, बाजूला सरा," मुकादम म्हणत होता. बोलायला तो अदबीचा होता, हे सांगितलं पाहिजे. "नागाला आम्ही बिलकुल हात लावत न्हाई. निस्ती माती काढतो."

"आज घरात इळा धरत न्हाईत, अन् तू कुदळ घिऊन आला?"

"बराबर हाय. मंग आज खंदत न्हाई." त्यानं खाली बसत सांगितलं, "आज इथंच बसतो. उद्या दिवस उगवला की जल्दी काम उरकून घेतो."

त्याची माणसंही बसली. आत्यानं मांडीवरची काठी दोन्ही हातांनी आवळून धरली. मी तिला तोवर घाबरलेली पाहिली नव्हती. मला एकदम कळलं, की उद्या सकाळी हे वारूळ उरणार नाही, आणि तिचं कोणीतरी जाईल. मी पुढं झाले. म्हणाले, "काका, इथं हिरा नाही. मणी नाही, काही नाही. आपला दगडच तसा नाही."

"मंग तू माती कामून नेली?"

"शिकायला."

"काय शिकायला?"

"जे नाही ते नाही म्हणून कसं ओळखायचं, ते."

माणसं हसली. मुकादमही हसला. "असलं बी कॉलेजात शिकवून राह्यले काय? दाखव मंग."

मी हॉटेलातली मोठी परात मागवली, पाटी मागवली, मेंढरांच्या पाण्याचे दोन हंडे भरून घेतले. बायका डाळ रोळतात ना, पाण्यात गोल गोल हलवून खडे तळाशी ठेवतात, तसंच हे काम असतं. फक्त इथं डाळ सांडायची आणि खडे ठेवायचे. माझ्याभोवती माणसांचं कडं झालं. गढूळ पाणी सांडत गेलं, माती सांडत गेली, हात भरून आले. तळाला काळी रेती उरली. बिघडलेल्या रेडिओच्या कर्ण्यातलं चुंबक मी जवळ नेलं तर ती काळी रेती सरसर त्याला जाऊन चिकटली, आणि कोणीतरी "बाब्बो!" म्हणालं. मी सांगितलं, हे लोखंडाच्या जातीचे कण, आपल्या काळ्या दगडातले. पुन्हा हलवलं. चार गारगोटीचे खडे. तेही सांगितलं. पुन्हा हलवलं, आणि परातीच्या कडेला एक लाल कण चमकला.

द्राक्षाच्या रसासारखा लाल. सरांनी सांगितला होता अगदी तसा. पुढं खरोखरीचे असे कण मी बाटल्या भरून गोळा केले, पण एकाहीवर मी अशी हरखले नाही. क्षणभर मी सगळं शास्त्र विसरले. इथं, आमच्या माळावर, आमच्या मेंढरांच्या पायाखाली! पुस्तकं चुकली, सर चुकले, मी एकटी बरोबर!

"लाल!" मुकादम उठून उभाच राहिला. "म्या काय म्हणलं व्हतं?"

कडं आत सरकलं. मी ओल्या बोटावर तो कण उचलला आणि सरांनी दिलेलं भिंग डोळ्याला लावलं. एक बाजू गुळगुळीत आणि हलकीशी वाकलेली. दुसरी बाजूही तशीच, तिला समांतर वाकलेली. दगड असा वाकत नाही. खोटं कशाला सांगू, रडू यायचं तेवढं राहिलं.

"काका," मी म्हणाले, "हे काकण आहे. लाल काकणाची कपची."

कोणाचा विश्वास बसला नाही. बसणार कसा? माझा तरी कुठं बसत होता! मुकादम सगळ्यांकडं वळून म्हणाला, "पोरगी हुशार हाय. आपण गेलो की मणी बापाच्या घरात." आणि माणसांत जी कुजबूज सुरू झाली ती चांगली नव्हती. मी दादांकडं पाहिलं. दादा खांद्यावरच्या फडक्याला पुन्हा हात पुसत होते.

तेवढ्यात आत्या बसल्या जागेवरून म्हणाली, "गया, मागच्या पंचमीला फुगडी खेळता खेळता तुहं काकण इथंच वाढलं व्हतं न्हवं?"

गया ही आमच्या शेजारची सून. ती पुढं आली, हात लांब केला. कोपरापर्यंत लाल काकणं. "हाव आत्याबाई, अन् याच रंगाची भरली यंदा बी. कासार बी तोच." मी तो कण तिच्या मनगटाजवळ धरला. मग दुसरीनं हात पुढं केला, तिसरीनं केला. बघता बघता परातीवर काकणांचे हातच हात झाले, आणि प्रत्येकीच्या हातात तोच नागमणी. आधी बायका हसल्या, मग ट्रॅक्टरवाले हसले. गया मुकादमाला म्हणाली, "दादा, माहा मणी हाय तो. म्या न्हाई देणार." त्यावर तोही हसला. भला माणूस होता. त्यानं माणसांना कुदळी ट्रॅक्टरमध्ये टाकायला सांगितलं, वारुळाला हात जोडले आणि जाताना आत्याच्या हातून मूठभर लाह्या घेतल्या. हॉटेलात सगळ्यांनी चहा घेतला. दादांनी तेवढ्यात काकणाची गोष्ट दोन ट्रकवाल्यांना सांगून टाकली.

बायकांची पूजा झाली, झोके झाले. ऊन कलताना दादा पंचमीची नवी चोळी घेऊन माळावर आले. दर पंचमीला भावानं बहिणीला द्यायची ती. आत्यानं चोळी हातात घेतली नाही.

"भिवा, यंदा चोळी राहू दी."

"कामून? रंग आवडला न्हाई का?"

"रंग चांगलाय. मला दुसरं पायजे. पोरीला तिकडं जाऊ दी."

मी तिला शिबिराबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. आईनं सांगितलं असेल, नाहीतर पडद्यापलीकडचं सगळं तिला आपोआपच ऐकू येत असेल, कोण जाणे. दादा माझ्याकडं पाहायला लागले आणि मी परातीकडं.

"अक्का, तंबूत राह्यचं हाय. पोरं हायत संगं. पाहुण्यारावळ्यांत—"

"इथं एवढी माणसं मणी मणी करून राह्यली व्हती. हिनं काकण म्हणलं. हो म्हणली असती तर आज गावभर मिरवली असती. अशा पोरीला तंबूत काय भेव हाय?"

दादांनी चोळीची घडी उलटीपालटी केली. मग म्हणाले, "पाहू."

"पाहू न्हाई. आज पंचमी हाय."

दादांनी चोळी तिच्या मांडीवर ठेवली. "चोळी बी घे अन् तुहं बी खरं कर," असं म्हणून ते पाठ फिरवून हॉटेलकडं निघाले. थोडं पुढं जाऊन वळले आणि ओरडून म्हणाले, "दगडूबाई, गाडी रिकामी आणू नको म्हंजी झालं!"

ते गमतीनं म्हणाले होते. पण मी दिवसभराची दमलेली होते आणि ते वाक्य मला लागलं. आत्या मेंढरं वळवायला उठली तशी मी तिच्यामागून गेले. म्हणाले, "आत्या, तिकडंही काही नाही सापडलं तर? तू सगळ्यांसमोर एवढं बोललीस. हसतील लोक."

ती मेंढरांना हाकारे देत चालत राहिली. मग काठी बगलेत धरून तिनं नव्या चोळीची घडी पदराखाली नीट सरकवली आणि म्हणाली, "म्या सासरहून आल्ते तवा माह्या हातात काय व्हतं? एक लुगडं, ते बी अंगावरचं. सांज झाल्ती, पाऊस लागला व्हता. तुह्या बापानं विचारलं न्हाई कामून आली. आत हो म्हणला, भिजून राह्यली. एवढंच म्हणला. तूबी न्हाई सापडला हिरा तर तशीच ये."

मी रस्त्यात उभी राहून रडले. मेंढरं माझ्या दोन्ही बाजूंनी पुढं गेली. त्यानंतर मी कितीतरी मुलखांतून, कितीतरी वेळा तशीच घरी आले, आणि आत्या होती तोवर तिनं एकदाही विचारलं नाही की सापडला का. म्हणायची, आधी आत ये.